चिंचेपर्यंतचा रेशो

फवारणी पंप दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी न मागता साठतात. एक भंगार आणि दुसरे किस्से. भंगाराला निदान अधूनमधून भंगारवाला येतो. किस्से मात्र कोणी नेत नाही, उलट जो येतो तो एखादा ठेवून जातो.

माझं दुकान तळोद्यात, बाजारापासून जरा बाजूला. गिऱ्हाइकाला बसता यावं म्हणून मी बाहेर एक बाकडं टाकलं. ते आजवर एकाही गिऱ्हाइकाला मिळालेलं नाही. त्यावर तिघांचा ताबा आहे.

पहिले अंबालालभाऊ. तापीकाठच्या गावचे गुजर, केळीचे बागायतदार, देहाने भरभक्कम. जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे एकच औषध असतं, ते म्हणजे ताकद. दुसरे देवरे सर, हायस्कूलमध्ये गणित शिकवून रिटायर झालेले. म्हणजे सर रिटायर झाले, गणित अजून ड्यूटीवर आहे. तिसरे युनूसभाई, वेल्डर. त्यांचं वर्कशॉप माझ्या समोरच आहे. तिथे कोणी आलं, की हे माझ्या बाकड्यावरूनच ओरडतात, "मालिक बाहर गया है!"

आणि चौथे रज्जाकभाई. ते बाकड्यावर बसत नाहीत, कारण त्यांना काम असतं. धंद्याने मण्यार, म्हणजे बांगडीवाले. बांगड्यांचे डबे गाडीला बांधायचे आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर फिरायचं, हे त्यांचं आयुष्य. डावा पाय लहानपणापासून आखूड आणि बारीक. खाली लिहिलेलं सगळं त्यांच्या गाडीमुळे घडलं. आम्ही फक्त मदत केली, आणि त्यामुळेच ते इतकं लांबलं.

*

रज्जाकभाईंची जुनी मोपेड म्हातारी झाली होती. सपाटीवर ती चालायची, पण वरच्या पाड्याच्या चढाला अर्ध्यावर चिंचेचं झाड आहे, तिथे आली की बसायची. मग पाड्यावरची पोरं धावत यायची आणि ढकलत वर न्यायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

मग जीपमधून जाणाऱ्या कोणा हुशार माणसाने त्याचा व्हिडिओ काढला. पुढे रज्जाकभाई राजासारखे बसलेले, मागे दहा-बारा पोरं ढकलताहेत, आणि खाली हसून हसून रडणाऱ्या तोंडांची रांग. गावभर फिरला. रज्जाकभाईंचा मुलगा आसिफ मोबाइलचं दुकान चालवतो. त्याने तो एका गिऱ्हाइकाच्या फोनवर पाहिला. गिऱ्हाईक त्यालाच दाखवत होतं, "हे बघ, काय कॉमेडी आहे."

आसिफ घरी गेला आणि म्हणाला, "अब्बा, आता बस. दुकानात बसा, कव्हर विका."

रज्जाकभाई तीन दिवस मोबाइलची कव्हरं विकायला बसले. चौथ्या दिवशी माझ्याकडे आले. "संजूभाऊ, त्या दुकानम्हा कोनी हात पुढे करत नही. बोट दाखाडतस फक्त." चाळीस वर्षं बायकांच्या हातात बांगड्या भरलेला माणूस तो. मला खरंच वाईट वाटलं.

शेवटी बापलेकात तह झाला. होळीच्या आधी नवी गाडी करायची. ती चढ चढली तर अब्बांनी फिरायचं. चढावर एकदा जरी कोणाला ढकलावं लागलं, तर त्या दिवसापासून कव्हरं.

*

आता गाडी कुठली? मोठ्या मोटारसायकलवर रज्जाकभाईंचे पाय जमिनीला पुरत नाहीत. स्कूटर लावून पाहिली, तर डावा पाय अधांतरी. युनूसभाईंनी शहाद्याकडून आलेल्या भंगारातून एक चीज शोधून काढली. कुठल्याशा कॉलेजच्या पोरांनी प्रोजेक्ट म्हणून बनवलेली मिनीबाइक. गुडघ्याएवढी उंची, जाड बुटकी चाकं आणि इंजिन मेलेलं. प्रोजेक्टला मार्क मिळाले असावेत, कारण त्यानंतर तिच्याकडे कोणी पाहिलेलं दिसत नव्हतं.

अंबालालभाऊंनी तिच्याकडे वरून पाहिलं. त्यांना सगळंच वरून पाहावं लागतं. "हाई गाडी शे का पाट?" म्हणाले.

रज्जाकभाई तिच्यावर बसले. दोन्ही पाय जमिनीला टेकले. अख्खे, टाचेसकट. त्यांनी एकदा डावीकडे खाली पाहिलं, एकदा उजवीकडे. मग म्हणाले, "हाईच पाहिजे."

मेलेल्या इंजिनाच्या जागी अंबालालभाऊंनी स्वतःच्या बागेतल्या जुन्या पाण्याच्या पंपाचं इंजिन दिलं. देताना चहा नाही मागितला, फक्त सल्ला देण्याचा हक्क मागितला. तो चहापेक्षा महाग पडला.

*

आमच्या बाकड्याचा एक रिवाज आहे, मानाची फेरी. कुठलीही गाडी दुरुस्त झाली, की पहिली फेरी वयाने सर्वांत मोठ्या माणसाची. मग वयाप्रमाणे खाली. गाडीमालकाचं वय काहीही असो, त्याचा नंबर शेवटी, कारण तो घरचा. त्याचा नंबर येईपर्यंत बहुतेक वेळा पेट्रोल संपतं.

इंजिन बसवताना युनूसभाईंनी माणुसकी दाखवली. रज्जाकभाईंचा डावा पाय नाजूक, तिकडे चेन नको, म्हणून इंजिन फिरवून चेन उजवीकडे घेतली. आम्ही तिघांनीही मान डोलावली. माणुसकीला कोण नाही म्हणणार?

मानाची फेरी देवरे सरांची. सर टोपी नीट करून बसले. दोरी ओढली, इंजिन फडफडलं. सरांनी अॅक्सिलरेटर पिळला, आणि गाडी झटक्याने मागे निघाली.

इंजिनाचं फिरणं ठरलेलं असतं. ते उलटं बसवलं की चाकही उलटं फिरणार, हे आम्हा चौघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. सर आमच्याकडे तोंड करून, ताठ बसून, हळूहळू लांब जात राहिले. घाबरून त्यांनी अॅक्सिलरेटर आणखी घट्ट धरला. मागे चहाची टपरी होती. तिचा पाण्याचा ड्रम आडवा झाला, तेव्हा सर थांबले.

सगळे धावलो. सर ओल्या धोतराने उठले आणि चष्मा पुसत म्हणाले, "दिशा सोडल्यास बाकी समाधानकारक आहे."

रज्जाकभाईंचा तर नंबरच आला नाही. ते एवढंच म्हणाले, "ठीक शे, येताना कामले यी."

*

इंजिन सुलटं केलं, डाव्या पायाला पत्र्याचं कव्हर केलं, आणि मग खरा कज्जा सुरू झाला. रेशोचा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनावर एक छोटं दातेरी चक्कर असतं, मागच्या चाकावर एक मोठं, आणि मध्ये चेन. या दोन चक्करांचं प्रमाण म्हणजे रेशो. मागचं चक्कर जितकं मोठं, तितकी गाडी चढाला दमदार, पण चाल गोगलगायीची. मागचं लहान केलं, की गाडी सपाटीवर पळते आणि चढ दिसला की मान टाकते. मूळ इंजिनाला जे चक्कर होतं ते या पंपाच्या इंजिनाला चालेना. म्हणजे नवं निवडायचं. एवढीच गोष्ट. सायकल दुरुस्त करणारा माणूस ती चहा पिता पिता उरकतो. आमच्याकडे ती होळीपर्यंत चालली.

अंबालालभाऊंनी इंजिनावरची पितळी पाटी बोटाने पुसली. त्यावर हा पंप पाणी किती उंच चढवतो ते लिहिलेलं होतं. ते वाचून भाऊंचा चेहरा उजळला.

"हाई इंजिन इतलं पानी इतलं वर फेकस. रज्जाकभाई पानीपेक्षा जड शे का?"

देवरे सरांनी ताबडतोब हरकत घेतली. म्हणाले, "पाणी पाइपातून जातं. रज्जाकभाई रस्त्याने जाणार आहेत." मला वाटलं, चला, कोणीतरी शुद्धीवर आहे. मग सरांनी खडू मागितला आणि संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर माझ्या शटरवर रस्त्याचं घर्षण, वाऱ्याचा विरोध आणि रज्जाकभाईंचं वजन मांडायला घेतलं. सकाळी मी शटर वर केलं, तेव्हा समीकरण छतात गुंडाळलं गेलं. संध्याकाळी खाली ओढल्यावर त्याचा निम्मा भाग पुसला होता. उरलेल्या निम्म्याचं जे उत्तर आलं, ते सरांनी कायम केलं.

*

आधी ताकदीचा नंबर लागला. भाऊंनी कुठल्याशा जुन्या मळणी यंत्राचं चक्कर आणलं, जेवायच्या ताटाएवढं. गाडीचं चाक बुटकं, चक्कर आडदांड. स्पीडब्रेकर आला की टायरच्या आधी चक्कर जमिनीला भेटायचं. "टेकू मिळस ना चांगला," भाऊ म्हणाले.

त्या दिवशी आपला नंबर आल्यावर रज्जाकभाई हट्टाने म्हणाले, की डबे बांधूनच फेरी मारतो. शहादा रस्त्याला निघाले. इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. म्हणजे हलत होती, पण ते कळायला मागे एखादं झाड धरून पाहावं लागत होतं. आसिफ पुरावा म्हणून फोनवर चित्रीकरण करत होता. त्याने मान वर करून विचारलं, "काका, अब्बा उभे आहेत का चालू आहेत?"

तेवढ्यात मागून उसाची बैलगाडी आली. बैलगाडीने रज्जाकभाईंना ओव्हरटेक केलं. गाडीवानाने एकदा मागे वळून पाहिलं, भाऱ्यातून एक ऊस उपसला आणि जाता जाता त्यांच्या हातात दिला. "लांबनं जानं दिखस चाचा. चावत चाला."

ते परतले तेव्हा ऊस संपला होता. इंजिनाच्या थरथरीने हँडल धरलेले हात बधिर झाले होते. डबा उघडला आणि झाकण परत लावलं.

सरांनी शास्त्रीय कुतूहलाने विचारलं, "किती फुटल्या?"

"फुटल्या म्हनू नका, सर." मण्यार कधी बांगडी फुटली म्हणत नाही, अशुभ असतं. बांगडी वाढते. घरातल्या बायकाही तसंच म्हणतात.

"बरं. किती वाढल्या?"

"डबा वाढना," रज्जाकभाई म्हणाले.

*

मग गणिताचा नंबर. सरांच्या उत्तराप्रमाणे मागे लहानसं चक्कर बसलं. ते लावायला युनूसभाईंनी नवी भोकं पाडली आणि त्यात त्यांचं ड्रिल जळालं. त्यांनी ते गाडीच्या नावे धरलं नाही, सरांच्या नावे धरलं.

चाचणीला खरा चढ हवा होता. खरा चढ पाड्याच्या रस्त्याला, पण उन्हात तेवढं लांब जायला बाकड्यावरचं कोणी तयार होईना. मग सर्वानुमते पाटाचा बांध हाच सातपुडा धरण्यात आला. बांध माणसाच्या उंचीचा. कोंबडीही दमल्याशिवाय चढते.

मानाची फेरी अर्थातच सरांची. या वेळी गाडी पुढे गेली, आणि गेली ती गेलीच. सर बांध चढले, पलीकडे उतरले, आणि दिसेनासे झाले. खाली केळीची बाग होती. थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज बंद झाला.

बागेतून सर चालत बाहेर आले. टोपी नव्हती. बाग अंबालालभाऊंच्या मेव्हण्याची निघाली. भाऊंनी आत जाऊन आडवी झालेली झाडं पाहिली आणि घडावर हात फिरवत म्हणाले, "सर, आनखी महिनाभर थांबाले पाहिजे व्हतं. कच्चा शे."

सर म्हणाले, "रेशो बरोबर आहे. बाग चुकीच्या जागी आहे."

त्यानंतर दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. बाकडं मात्र कोणी टाकलं नाही. दोघं दोन टोकांना बसायचे आणि मध्ये युनूसभाई. भाऊ युनूसभाईंना सांगायचे, "त्यासले सांगा, ताकद लागस." सर युनूसभाईंना सांगायचे, "त्यांना सांगा, आकडे खोटं बोलत नाहीत." युनूसभाई दोघांचाही निरोप कोणालाच न देता तंबाखू मळत राहायचे.

*

इकडे होळी जवळ आली. आमच्या डोंगरात होळी म्हणजे वर्षाचा सण. नटणं-थटणं, बाजार, ढोल, सगळं त्याच दिवसांत. मण्याराचं वर्ष त्यावर असतं. रज्जाकभाई रोज येऊन गाडीजवळ उभे राहत. एक दिवस त्यांनी मला बाजूला घेतलं.

"संजूभाऊ, खरं सांगा. व्हयी का नही? नही तर तो पोऱ्या मले त्या खुर्चीवर कायमना बसाडी."

मी म्हणालो, होईल. कशाच्या जोरावर म्हणालो, ते मला आजही माहीत नाही.

युनूसभाई विसरवाडीला गेले होते, हायवेवरच्या भंगारात ट्रकचं काहीतरी शोधायला. येताना गोणीत चार-पाच जुनी चक्करं घेऊन आले. ड्रिल जळालेलं, त्यामुळे नवी भोकं पाडणं शक्य नव्हतं. ज्याची भोकं आपोआप जुळतील तेच बसणार. एकाची जुळली. ते ना भाऊंच्या ताटाएवढं होतं, ना सरांच्या बशीएवढं. दोघं जेवायला घरी गेले होते, तेवढ्यात मी ते बसवलं.

इतिहासात असा मान फक्त या गाडीला मिळाला असेल. भाऊंची ताकद, सरांचं समीकरण, माझा अनुभव, आणि अखेर रेशो ठरवला चार भोकांनी.

रज्जाकभाई बसले. मानाची फेरी त्या दिवशी आम्ही मोडली, कारण मान घेणारे दोघंही जेवत होते. गाडी बाजारातून गेली, पाटाचा बांध चढली, परत आली. आवाज मऊ. डबा उघडून पाहिला, एकही वाढली नव्हती. माणूस साठीला आला होता, पण त्या दिवशी माझ्यासमोर त्याने हॉर्न उगाच तीनदा वाजवला.

दुपारी भाऊ आले, पाहिलं, म्हणाले, "मी काय सांगू ऱ्हायनू व्हतू? ताकद." सर आले, पाहिलं, म्हणाले, "माझ्या उत्तराच्या अगदी जवळ आहे." दोघं पुन्हा बोलायला लागले.

*

दुसऱ्याच दिवशी रज्जाकभाई डबे बांधून वरच्या पाड्याला गेले. आम्ही बाकड्यावर पेढे मागवून बसलो. भाऊंनी वाट न पाहता त्यातले निम्मे संपवले.

संध्याकाळी रज्जाकभाई आले. डबे जसेच्या तसे भरलेले.

"चढली नाही?" मी घाबरून विचारलं.

"चढनी. लोण्यासारखी चढनी. चिंच कवय उनी, कवय गई, मले समजनं बी नही."

"मग?"

ते दुकानाच्या पायरीवर टेकले. "वर गयू. कोनी नव्हतं. बाया शेतम्हा, घरे लांब लांब. हॉर्न वाजाडा, त्यासले वाटनं जीप शे. मी वरडनू. एक कुत्रं उनं फक्त."

मोपेड चिंचेखाली बसायची, तेव्हा पोरं ढकलायला धावायची. ढकलताना गोंगाट व्हायचा. तो ऐकून शेतातून बाया निघायच्या. वर पोहोचेपर्यंत प्रत्येक पोर आपल्या घरी ओरडून सांगून आलेलं असायचं, आणि ज्याने ढकललं त्याच्या आईच्या हातात रज्जाकभाई एक बांगडी जास्त घालायचे. हे सगळं त्यांनी मला नीट सांगितलं. आणि हेही सांगितलं, की पोरं चिंचेखाली उभी होती, गाडी त्यांच्यासमोरून भुर्रकन गेली, आणि ती रुसली. एक जण म्हणाला, आता तुला आमची गरज नाही.

मग त्यांनी गाडीच्या मागच्या चक्करावर बोट ठेवलं. "भाऊ, याना दात कमी करता येतीन का? चिंचलगून चढाले पाहिजे. तेथून पुढे नको."

महिनाभर आम्ही गाडी चढावी म्हणून डोकी फोडली होती. आता ती चढू नये, आणि तीही नेमक्या एका झाडाखाली चढू नये, असा रेशो पाहिजे होता.

सरांनी खिशातून खडू काढला. मी तो काढून घेतला.

"रज्जाकभाई, आसिफला काय सांगाल?" मी विचारलं.

"तेच तर," ते म्हणाले. एक हात गुडघ्यावर, एक गाडीवर. "त्याले चढाले पाहिजे, पाड्याले नको. मी कोनले ढकलू?"

चक्कर आम्ही बदललं नाही. ड्रिलही नव्हतं आणि हिंमतही नव्हती. ते गाडी घेऊन घरी गेले. उरलेले पेढे तसेच राहिले, अंबालालभाऊ समोर असूनही.

*

दोन दिवसांनी सकाळी आसिफ आला. गॉगल, शर्ट इन, हातात चावी.

"संजूकाका, अब्बा आज वर निघालेत. मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. त्यांना सांगू नका. खरंच चढते, का कोणी ढकलतं?"

मी बाकड्याकडे पाहिलं. बाकड्याने खाली पाहिलं. नाही कसं म्हणणार? अंबालालभाऊंनी केळीची पिकअप काढली. भाऊ आणि आसिफ पुढे, सर, युनूसभाई आणि मी मागे, केळीच्या पानांवर. रज्जाकभाईंच्या बरंच मागे राहून आम्ही निघालो. वाटेत सर पुटपुटत होते, की रेशो उत्तम आहे, चढणारच. मला तीच भीती होती. आणि न चढण्याचीही होती. नेमकं काय व्हावं, हे मला ठरवता येईना.

चढाच्या पायथ्याशी नाल्यावर फरशी आहे, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल. आम्ही अलीकडेच पळसाच्या आडोशाला पिकअप थांबवून उतरलो. समोर रज्जाकभाई दिसत होते. डोक्याला रुमाल, मागे डब्यांचा ढीग डोक्याच्याही वर. त्यांना मागचं काही दिसणं शक्य नव्हतं. गाडी फरशीवरून झोकात गेली.

फरशी ओलांडताना त्यांचा उजवा हात खाली गेला. इंजिनाजवळ काहीतरी केलं आणि परत हँडलवर आला.

"कॉक," युनूसभाई हळूच म्हणाले. "पेट्रोल का कॉक बंद किया."

मी त्यांना कोपर मारलं, पण आसिफने ऐकलं होतं. पाहिलंही होतं.

गाडी चढाला लागली. नळीत उरलेल्या पेट्रोलवर मस्त चढत गेली. वळण, मग दगड, मग चिंच. चिंचेखाली इंजिन खोकलं, एकदा, दोनदा, आणि गप्प झालं. रज्जाकभाईंनी दोन्ही पाय जमिनीला टेकले, टाचेसकट. मान वर करून पाड्याच्या दिशेने हाक दिली.

"ओ पोरहो! गाडी बठी गई रे!"

वरून आरडाओरडा झाला. कुठून कुठून पोरं निघाली. शेतात वाकलेल्या दोन बाया उभ्या राहिल्या आणि डोळ्यांवर हात धरून पाहू लागल्या.

आमच्यात कोणी आसिफकडे बघेना. देवरे सर घसा साफ करून म्हणाले, "एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. रेशो बरोबर आहे."

आसिफने गॉगल काढला, पुसला आणि खिशात ठेवला. मग फरशी ओलांडून भरभर चढ चढायला लागला. आम्ही जागेवरच. मी मनात म्हणालो, झालं, संपलं.

तो पोचला तोवर पोरं गाडीला भिडली होती. ढकलाढकली, हसणं, कोण कुठे धरणार यावरून भांडण. आसिफ त्यांच्यामागे क्षणभर उभा राहिला. मग शर्टाच्या बाह्या वर सारल्या, दोन पोरांच्या मध्ये शिरला, डब्यांखालच्या लोखंडी पट्टीला हात लावले आणि खाली मान घालून ढकलायला लागला.

गाडी हलली, जराशी गेली आणि दगडाला अडली. रज्जाकभाईंनी समोर बघतच हँडलवर थाप मारली, आणि त्यांचा आवाज खाली आमच्यापर्यंत आला.

"अरे, मधला कोन शे तो? जोर लाव ना! जेवना नही का आज?"